कोरडा मसाला आणि ओलं वाटण

लग्नाच्या पंगतीतली वांग्याची भाजी आणि घरी रविवारी केलेला पाटोडी रस्सा हे वाशिमकडचे दोन पदार्थ शेजारी ठेवले, तर रंगाने जवळजवळ सारखे दिसतात. दोन्हींवर लाल तर्री, दोन्हींत तिखट, हळद, धने, काळा मसाला. पण पंगतीच्या भाजीतला मसाला बहुतेक वेळा डब्यातून थेट कढईत पडलेला असतो. पाटोडीच्या रश्शाला मात्र कांदा-खोबरं भाजून, पाण्याचा हात लावत बारीक वाटल्याशिवाय रस्सा म्हणायला कुणी तयार होत नाही. पहिल्यात कोरडा मसाला एकट्याने काम करतो, दुसऱ्यात त्याला वाटणाची सोबत लागते.

'करी पावडर' हे नाव घेऊन वाशिमच्या किराणा दुकानात सहसा कुणी मसाला मागत नाही. मागतात तो काळा मसाला, मटण मसाला, सावजी मसाला, नाहीतर नुसतं तिखट आणि धनेपूड. पण इथली मुलं शिकायला, नोकरीला बाहेर गेली की त्यांच्या ओट्यावर करी पावडरचा डबा आणि करी पेस्टची बरणी शेजारी शेजारी येतात, आणि मग फोनवर प्रश्न येतो, आई, हे दोन्ही एकच ना? एक संपलं तर दुसरं घातलं तर चालेल ना?

चालतं, पण थोडा हिशेब करावा लागतो आणि तो हिशेब मुख्यतः पाण्याचा आहे. नीट वाळवून दळलेल्या मसाल्यात पाण्याचा अंश शेकडा दहाच्या आसपास असतो. घरच्या ओल्या वाटणात तो सहज निम्म्यावर जातो. मसाला कढईत केव्हा घालायचा, किती वेळ परतायचा, रस्सा दाट होणार की पातळ राहणार, डबा वर्षभर टिकणार की दुसऱ्या दिवशी आंबणार, हे सगळं त्या पाण्यावरून ठरतं.

आधी कोरड्याचं पाहू, कारण त्यातला एक मोठा घटक याच जिल्ह्यात पिकतो. रिसोड आणि वाशिमच्या बाजार समितीत हळदीची आवक होते आणि भाव 'कांडी' आणि 'गट्टू' असे वेगवेगळे पुकारले जातात. कांडी म्हणजे बोटासारखी लांबट हळद, गट्टू म्हणजे मूळ गड्डा. शेतातून निघालेल्या ओल्या हळकुंडात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. ती उकडतात किंवा वाफेच्या कुकरमध्ये शिजवतात. शिजवल्यामुळे आतला स्टार्च फुगतो, रंग सगळीकडे सारखा पसरतो, कोंब फुटण्याची शक्यता संपते आणि वाळायला कमी दिवस लागतात. मग उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवण, नंतर फिरत्या ड्रममध्ये पॉलिश. पाच क्विंटल ओल्या हळदीची साधारण एक क्विंटल वाळलेली हळद हाती येते. म्हणजे आपण चिमूटभर हळद घालतो तेव्हा शिजवणं, वाळवणं, दळणं हे सगळं आधीच झालेलं असतं. कोरड्या मसाल्यात मेहनत आधी होते आणि चुलीपाशी फक्त मोजणं उरतं.

मिरचीचंही तेच. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गच्चीवर, अंगणात मिरच्या पसरलेल्या दिसतात. देठ खुडायचे, कडकडीत वाळवायच्या, मग कांडपावर न्यायच्या. काळ्या मसाल्याला धने, जिरं, तीळ, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, तेजपान, दालचिनी, लवंग, मिरे, मोठी वेलची, चक्रीफूल हे सगळं थोड्या तेलावर वेगवेगळं भाजावं लागतं. वेगवेगळंच का, तर प्रत्येकाचा भाजायचा वेळ वेगळा. खसखस काही सेकंदांत करपते, धन्यांना दोन-तीन मिनिटं लागतात. एकत्र भाजले तर धने कच्चे आणि खसखस कडू.

दळताना एक गोष्ट घडते ती डोळ्यांना दिसत नाही, पण नाकाला कळते. मसाल्याचा वास ज्या तेलांमुळे येतो ती उडून जाणारी असतात. अख्ख्या दाण्यात ती पेशींच्या आत बंद असतात. दाणा फुटला की पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि तेल हवेला उघडं पडतं. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत पीठ तापतं आणि काही वास तिथेच उडून जातो. कांडपात मसाला कुटला जातो, त्यामुळे तो तुलनेने कमी तापतो. कांडपाच्या मसाल्याला जास्त पैसे मोजायला बाया तयार असतात त्यामागे हे कारण आहे, निव्वळ जुन्याचा सोस नाही. अख्खे धने वर्षभर चांगले राहतात, धनेपूड मात्र चार-सहा महिन्यांत भुशासारखी लागू लागते. घरात एकदम दोन किलो धनेपूड करून ठेवण्यात शहाणपण नाही असं माझं मत आहे. तिखटाचं वेगळं. तिखटाचा तिखटपणा उडून जात नाही, फक्त रंग फिका पडतो आणि तोही उजेडात ठेवलं तर लवकर.

आता वाटण. ते दोन प्रकारचं आणि दोघांचा स्वभाव वेगळा. एक कच्चं, म्हणजे लसूण, आलं, हिरवी मिरची, सांबार (बाकी महाराष्ट्रात कोथिंबीर). दुसरं भाजलेलं, म्हणजे कांदा, सुकं खोबरं, कधी तीळ, खसखस, शेंगदाणे, चार लवंगा.

कच्च्या वाटणात वाटण्याची क्रिया हीच रसायनाची सुरुवात असते. अख्ख्या लसणाच्या पाकळीला फारसा वास नसतो. पाकळी ठेचली की दोन वेगळ्या कप्प्यांत असलेले पदार्थ एकमेकांत मिसळतात, एक एन्झाइम कामाला लागतं आणि तो झणझणीत वास तयार होतो. म्हणून चिरलेला लसूण आणि वाटलेला लसूण सारख्याच वजनाचे असले तरी भाजीत सारखे लागत नाहीत. लसणाची वाळवलेली पावडर डब्यात असते, ओल्या लसणाचा तो ताजा झणका तिच्यात येत नाही. आल्याचंही तसंच. सुंठ हा मसाला म्हणून चांगला आहे, पण ओल्या आल्याची जागा घेत नाही. वाळवताना चवीचा काही भाग बदलतो, काही जातो. कोरडा मसाला आणि वाटण यांच्यातला हा फरक कितीही प्रमाण बदललं तरी मिटत नाही.

भाजलेल्या वाटणाचं काम वासापेक्षा अंगाचं आहे. सुक्या खोबऱ्यात शेकडा साठच्या वर स्निग्धांश असतो, तीळ आणि शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा. हे सगळं पाण्याबरोबर अगदी बारीक वाटलं की तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात आणि त्यांच्याभोवती कांद्याचा, खोबऱ्याचा चोथा अडकून राहतो. रश्शाला दाटपणा येतो तो इथून. कोरडा मसाला कितीही घातला तरी तो रश्शाला असं अंग देऊ शकत नाही. धनेपूड थोडं पाणी धरते, पण जास्त घातली तर रस्सा दाट होण्याआधी खरखरीत होतो.

पाटा-वरवंट्याचं वाटण आणि मिक्सरचं वाटण यांतला वाद घरोघरी असतो. मिक्सरची पाती कापतात, वरवंटा चिरडतो. चिरडल्याने पेशी जास्त फुटतात आणि खोबऱ्याचं तेल लवकर मोकळं होतं. दुसरी गोष्ट पाण्याची. पाट्यावर पाण्याचा नुसता हात लावून भागतं, मिक्सरला भांडं फिरण्यापुरतं पाणी लागतंच, आणि ते पाणी पुढे कढईत आटवत बसावं लागतं. मिक्सर वाईट नाही. खोबरं आधी कोरडंच फिरवून घ्यायचं, ते जरा तेलकट झालं की मग कांदा घालायचा, कांद्याच्या स्वतःच्या पाण्यावर बरंच काम होतं. मगच दोन चमचे पाणी.

आता दोन्ही एकत्र कढईत काय करतात ते पाटोडी रश्शावरून समजून घेऊ, कारण या एका पदार्थात सगळे टप्पे येतात.

तेल तापवून मोहरी-जिरं घातलं. तापलेलं तेल पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. याच वेळी कुणी कोरडं तिखट आणि हळद टाकली तर ती पाच-सात सेकंदांत काळी पडते, खोकला उठतो आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. पावडरीचा कण बारीक, त्यात वाचवायला पाणी नाही, त्यामुळे तो लगेच तेलाच्या तपमानाला पोचतो. म्हणून आधी कच्चं वाटण घालायचं. वाटण तेलात पडलं की चर्र आवाज होतो, तो त्यातलं पाणी वाफ होण्याचा आवाज. जोवर हे पाणी आहे तोवर वाटणाचं तपमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. त्याला तांबूस रंग येत नाही, खमंग वासही येत नाही, कारण खमंगपणा देणारी क्रिया एकशे चाळीस अंशांच्या आसपास नीट सुरू होते. पाणी आटलं की आवाज बदलतो, चर्रऐवजी बारीक फसफस येते, आणि उग्र लसणाचा वास गोडसर होतो.

मग भाजलेलं वाटण. इथे घाई करणाऱ्याचा रस्सा फसतो. 'कडेने तेल सुटेपर्यंत परता' हे वाक्य प्रत्येक आजीने सांगितलेलं असतं, पण तेल सुटतं म्हणजे काय होतं? वाटताना तेल आणि पाणी यांचं जे एकजीव मिश्रण तयार झालं होतं ते पाणी उडाल्यावर टिकत नाही, आणि धरून ठेवलेलं तेल बाहेर येतं. म्हणजे सुटलेलं तेल ही पाणी संपल्याची खूण आहे. त्या क्षणापासून वाटण शंभर अंशांच्या वर जायला मोकळं होतं आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत त्याची खरी चव तयार होते. तेल सुटण्याआधी पाणी ओतलं तर कांदा शिजेल, खोबरं मऊ होईल, पण रस्सा कच्चट आणि किंचित गोड लागेल. नंतर कितीही उकळला तरी तो कच्चेपणा जात नाही, कारण उकळताना तपमान पुन्हा शंभरावरच अडतं.

तेल सुटलं की आच मंद, आणि आता कोरड्या मसाल्यांची पाळी. हळद, तिखट, धनेपूड, काळा मसाला. या वेळी कढईत वाटणातून सुटलेलं मोकळं तेल असतं आणि पावडरीला तेच हवं असतं. हळदीचा पिवळा रंग, मिरचीचा लाल रंग आणि मिरचीचा तिखटपणा हे तिन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जेमतेम. म्हणून हळद पाण्यात घातली तर तळाशी बसते आणि तेलात घातली तर भांडं रंगतं. पावडर घातल्यावर अर्धं मिनिट पुरे. करपायची भीती वाटली तर चमचाभर पाणी शिंपडायचं. ते पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं आणि मसाला वाचतो. मग गरम पाणी आणि उकळी.

तर्री म्हणजे हेच रंग प्यायलेलं तेल. उकळी आल्यावर ते हलकं असल्याने वर तरंगतं. तर्री येत नाही म्हणून तिखट वाढवणारे पुष्कळ आहेत. बहुतेक वेळा तिखट पुरेसं असतं, ते तेलात पडलेलंच नसतं. पाणी घातल्यावर वरून भुरभुरलेलं तिखट रश्शाला झोंबरं करतं, लाल करत नाही.

शेवटी बेसन शिजवून थापलेल्या पाटोड्या वाढताना रश्शात सोडायच्या. त्या पाणी ओढतात आणि बेसनाचा स्टार्च रस्सा आणखी दाट करतो. म्हणून रस्सा आधी जरा पातळच ठेवायचा.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. कोरडा मसाला तीन वेळा घालता येतो. सुरुवातीला अख्खा फोडणीत, मधे दळलेला तेलात, आणि शेवटी गॅस बंद करताना चिमूटभर गरम मसाला, कारण त्याची उडणारी तेलं आता शिजवून घालवायची नसतात. भाजलेल्या वाटणाला मात्र एकच वेळ आहे आणि ती सुरुवातीची.

कोकणात आणि गोव्यात हा नियम उलटा होतो. तिथे ओला नारळ, सुक्या मिरच्या, धने, हळद हे सगळं एकत्रच गंधासारखं वाटतात आणि माशाच्या कालवणात ते वाटण फारसं परतलं जात नाही, पाण्याबरोबर उकळलं जातं. ओल्या खोबऱ्यात निम्मं पाणीच असतं. त्याचा मऊ गोडवा परतून करपवायचा नसतो आणि फार उकळलं तर ते फुटतं. करी पेस्ट म्हणून जगात जे ओळखलं जातं त्याच्या सर्वांत जवळचं मराठी उदाहरण हेच. थायलंडमध्येही गवती चहाचे दांडे, गलांगल, लसूण, मिरची, कोळंबीची आंबवलेली पेस्ट हे कुटून घेतात आणि नारळाच्या दाट दुधावर तेल सुटेपर्यंत परततात. त्या पेस्टमध्ये मुख्य माल ओला असतो, धने-जिरं नावापुरतं. थाई पेस्टच्या जागी आपली करी पावडर घालून काहीच साधत नाही हे त्यामुळेच. उलट आपल्याकडच्या पेस्टच्या बरणीत बहुधा कोरडेच मसाले तेलात आणि आंबटात कालवलेले असतात, तिथे अदलाबदल जमते.

वाशिमात नारळ पिकत नाही. खोबरं येतं ते सुकं, आणि पावसाळा सोडला तर हवा कोरडी. धने, मिरची, हळद, तीळ, जवस, शेंगदाणा हे सगळं वाळवून ठेवायचंच पीक. वर्षाचा कोरडा मसाला आणि लागेल तेव्हा सुक्या खोबऱ्याचं वाटण ही इथली पद्धत जमिनीतून आणि हवेतून आलेली आहे. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची सावजी रस्सेदार भाजीही याच जोडीवर उभी आहे. तिचा काळा रंग नुसत्या तिखटातून येत नाही, मसाले आणि खोबरं गडद भाजण्यातून येतो.

१९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा दक्षिणेला हिंगोलीला, म्हणजे मराठवाड्याला लागून आहे. त्या बाजूला येसर नावाचा एक कोरडा मसाला करतात आणि कोरडा मसाला रश्शाला अंग देत नाही या मी वर सांगितलेल्या नियमाला तो अपवाद आहे. त्यात मसाल्यांबरोबर बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ असं धान्य भाजून दळलेलं असतं. येसर पाण्यात कालवून उकळत्या फोडणीत सोडला की धान्याचा स्टार्च फुगतो आणि आमटी वाटणाशिवाय दाट होते. ऐनवेळी दहा पाहुणे आले तरी अर्ध्या तासात आमटी तयार. वाटणाचं काम डब्यात भरून ठेवण्याची ही युक्ती मला आजच्या कुठल्याही झटपट पाकिटापेक्षा हुशारीची वाटते.

पंगतीच्या भाजीकडे परत जाऊ. मालेगाव तालुक्यातल्या डव्हा इथे रथसप्तमीला नाथनंगे महाराजांची यात्रा भरते आणि पुरी-भाजीचा महाप्रसाद हजारो लोकांना वाटला जातो. अशा स्वयंपाकात वाटण का परवडत नाही हे आता सहज कळेल. क्विंटलभर भाजीला लागणारं वाटण वाटायला तर वेळ लागतोच, पण त्याहून मोठी अडचण ते परतण्याची. मोठ्या कढईत वाटणाचा थर जाड होतो, पाणी आटायला फार वेळ जातो, तळ करपतो आणि वरचं कच्चं राहतं. कोरडा मसाला मोजून घालता येतो, प्रत्येक कढईची चव सारखी राहते आणि शिल्लक राहिला तर वाया जात नाही. मग भाजीला अंग कुठून येतं? वांग्याचा आणि बटाट्याचा गर मोडतो त्यातून, आणि घातला असेल तर शेंगदाण्याच्या कुटातून. रोडग्यांबरोबर शेतात केली जाणारी वांग्याची भाजीही याच जातीची. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे आणि बाजूला पातेल्यात भाजी. तिथे पाटा कोण नेणार?

इंग्रजांनाही अडचण आली ती वाहून नेण्याचीच. हिंदुस्थानात राहून परतलेल्यांना ती चव हवी होती, पण वाटण जहाजावर टिकणार नव्हतं. लंडनच्या पिकॅडिली भागातल्या एका सुगंधी वस्तूंच्या दुकानाने १७८४ साली वर्तमानपत्रात करी पावडरची जाहिरात दिली होती, म्हणजे तयार पावडरचा धंदा सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. हळद, धने, जिरं, मेथी, मिरी, सुंठ, मिरची असं काहीसं एका पुडीत घालून हिंदुस्थानातल्या सगळ्या भाज्या त्यातून करायच्या हा बेत आपल्याला विनोदी वाटतो. पण ती पुडी जपानपर्यंत गेली आणि १९२३ साली तिथल्या एस अँड बी कंपनीच्या संस्थापकाने जपानी करी पावडर तयार केली, जी आजही विकली जाते. ओली पेस्टही बरणीत भरून विकली जाऊ लागली. केनियातून १९५०च्या दशकात इंग्लंडला गेलेल्या पाठक या गुजराती कुटुंबाच्या 'पटाक्स'च्या पेस्ट तिथे घरोघरी ओळखीच्या झाल्या. आपल्याकडे हुकमीचंद चोरडिया यांनी १९६२ साली पुण्यात सुरू केलेल्या प्रवीण मसालेवाले यांच्यासारख्या उद्योगांनी आधी कोरडा मसाला घराघरात नेला.

वाटण बरणीत टिकवणं सोपं नाही. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागतं. कोरड्या मसाल्यात ते नाही, म्हणून तो टिकतो. मात्र पावसाळ्यात ओला चमचा डब्यात गेला किंवा वाफाळत्या कढईवर डबा उपडा करून मसाला घातला, की गुठळ्या होतात आणि काही दिवसांत बुरशीची जाळी धरते. खोबरं घातलेला काळा मसाला आणखी नाजूक. त्यातलं तेल खवट होतं. वर्षभराचा मसाला करायचा असेल तर खोबरं वगळून करावा आणि खोबरं वेळेवर भाजून घालावं.

घरचं वाटण मे महिन्यात सकाळी केलं तर रात्री आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, बर्फाच्या साच्यात गोठवलं तर दोन महिने. गोठवलेल्या वाटणाच्या वड्या थेट तेलात टाकल्या तरी चालतात, फक्त पाणी आटायला थोडा जास्त वेळ द्यायचा. वाटण तेलात बुडवून ओट्यावर ठेवलं की लोणच्यासारखं टिकेल, असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे. लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे. नुसत्या तेलाखाली ठेवलेल्या लसणाला हवा मिळत नाही आणि बोट्युलिझमचे जिवाणू हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या ओल्या जागीच वाढतात. त्यांच्या विषाला वास किंवा चव असतेच असं नाही. लसणाचं वाटण फ्रिजमध्येच ठेवा.

कंपनीची पेस्ट टिकते कारण तीत मीठ भरपूर असतं, व्हिनेगर, चिंच किंवा सायट्रिक आम्ल असतं, वर तेल असतं आणि बरणी भरताना उष्णता दिलेली असते. या चार गोष्टी तुमच्या भाजीतही उतरतात. पेस्ट वापरताना मीठ शेवटी, चाखूनच घालावं. टोमॅटो, चिंच, दही यांपैकी एखादं कमी करावं. तेल निम्मं घ्यावं, कारण पेस्टमध्ये ते आहेच. आणि पेस्ट आधीच शिजलेली आहे म्हणून परतायची गरज नाही असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी दोन-तीन मिनिटं, तिचं तेल सुटेपर्यंत परतावीच. बरणीतला शिळा, आंबूस वास तेवढ्याने कमी होतो.

आता अदलाबदलीचा हिशेब. पाककृतीत चमचाभर पावडर लिहिली आहे आणि घरात पेस्ट आहे, तर दोन चमचे पेस्टपासून सुरुवात करा, कारण पेस्टच्या चमच्यात पाणी, तेल आणि मीठही मोजलं गेलेलं आहे. पेस्ट घालायची पावडरीच्या वेळी नाही, त्याच्या आधी, कांद्यापाठोपाठ. उलट, दोन चमचे पेस्ट लिहिली आहे आणि हाताशी पावडर आहे, तर चमचाभर पावडर घ्या आणि जे हरवलं ते वेगळं भरून काढा. ओलं आलं-लसूण ठेचून, एक छोटा कांदा किसून नीट परतून, चमचाभर जास्त तेल, थोडी चिंच किंवा लिंबू, मीठ. अंग हवं असेल तर शेंगदाण्याचा कूट किंवा भाजलेल्या खोबऱ्याची पूड. पावडर आधी दोन चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली तर कण फुगतात, तेलात घातल्यावर करपत नाहीत आणि रश्शात खरखर राहत नाही. हे कालवण वाटणासारखंच परतायचं, पाणी आटून तेल दिसेपर्यंत.

काही पदार्थांत अदलाबदलीचा प्रश्नच येऊ नये. भरल्या वांग्यात कोरडा मसाला आणि कूट हवा, ओली पेस्ट भरली तर वांगं शिजताना सगळी बाहेर येते. पापड, चिवडा, भाजक्या शेंगदाण्यावर घालायला पावडरच, कारण पाणी लागलं की कुरकुरीतपणा गेला. मांस मुरवायला उलट. वाटण तुकड्याला चिकटून बसतं, आंबट आणि मीठ आत जायला मदत करतं. कोरडा मसाला तेलाशिवाय किंवा दह्याशिवाय मांसावर नुसता भुरभुरून फारसं काही होत नाही.

भेसळीचाही विचार करायला हवा. कोरडी पूड डोळ्यांना फसवते. हळदीला पिवळेपणा आणायला मेटॅनिल येलो किंवा शिसं असलेला लेड क्रोमेट वापरल्याची प्रकरणं देशात उघड झालेली आहेत. या जिल्ह्यात राहणाऱ्याने हळदपूड विकत आणण्यात काही अर्थ नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली कांडी घ्यावी आणि जवळच्या चक्कीवर दळून आणावी. वाटणात काय पडलं ते आपल्या डोळ्यांसमोर असतं, बरणीतल्या पेस्टमध्ये मात्र नाही.

एकच गोष्ट विकत घ्यायची आणि दुसरी घरी करायची, असं ठरवायचं असेल तर माझा कौल कोरडा मसाला विकत किंवा कांडपावरून आणण्याला आणि वाटण घरी करण्याला आहे. कोरड्या मसाल्याला वेळ, ऊन आणि यंत्र लागतं, ते घरोघरी नसतं. वाटणाला फक्त दहा मिनिटं लागतात, आणि ताजेपणा हाच त्याचा गुण असल्याने तो बरणीत विकत मिळत नाही. तरीही बरणी घ्यायचीच झाली तर मागचं लेबल वाचा. आपल्या देशाच्या अन्न नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिली तीन नावं पाणी, तेल आणि मीठ अशी असतील, तर ती बरणी तिथेच ठेवा आणि त्या पैशात पाव किलो खोबरं घेऊन घरी या.